तेलाच्या वासाने वेडावलेला माणूस : सोइचिरो होंडा

परभणीच्या वसमत रस्त्यावर, जिंतूर नाक्याजवळ किंवा गंगाखेड, सेलू, मानवतच्या बाजारपेठेत, दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज कुठलेही असो, तेथील एक दृश्य ठरलेले असते. मिस्त्री गाडीच्या पोटाखाली जुना डबा सरकवतो, पान्याने नट सैल करतो आणि काळेभोर तेल धार लावून डब्यात पडू लागते. ते बाटलीतून ओतले तेव्हा मधाच्या रंगाचे होते, हे गाडीच्या मालकालाही आता आठवत नाही. शेवटचे ऑइल कधी बदलले, या मिस्त्रीच्या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर अंदाजाने येते. पेरणीच्या आधी, दिवाळीत, मुलीच्या लग्नाच्या वेळी!

हे तेल ज्या इंजिनातून पडते ते इंजिन साध्या प्रवासी मोटारसायकलचे असेल, तर त्याचे मूळ बहुधा जपानमधील एका लोहाराच्या मुलापर्यंत जाऊन पोहोचते. सोइचिरो होंडा हे त्याचे नाव. जगातील सर्वांत मोठ्या दुचाकी कंपनीचा संस्थापक म्हणून त्यांना सारे ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्याची सुरुवात आणि अखेर एकाच गोष्टीशी जोडलेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ती गोष्ट म्हणजे इंजिनाचे तेल.

रस्त्यावर सांडलेले तेल

सोइचिरो यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात झाला. हे खेडे आता हामामात्सु शहराच्या हद्दीत येते. वडील गिहेई लोहारकाम करीत. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचा धंदा सुरू केला. आई मिका विणकाम करीत असे. घरची परिस्थिती बेताचीच होती. भात्याचा आवाज, ऐरणीवरचे घाव आणि लोखंडाच्या ठिणग्या यांतच या मुलाचे बालपण गेले. शाळेत त्याचे मन रमत नसे. हात काळे करण्यात मात्र त्याला विलक्षण गोडी होती.

तो शाळकरी वयाचा असताना एके दिवशी गावात मोटारगाडी आली. घोड्याशिवाय धावणारे असे वाहन त्या मुलुखाने कधी पाहिले नव्हते. गाडी गावातून निघाली तसा हा मुलगा तिच्यामागे धावत सुटला. गाडी एका ठिकाणी थांबली आणि तेथे जमिनीवर तेलाचे काही थेंब पडले. इतर मुले गाडीकडे पाहत राहिली. सोइचिरोने मात्र जमिनीला नाक लावून त्या तेलाचा वास घेतला आणि ते हातांना चोळले. आपणही एक दिवस असे यंत्र बनवायचे, हे त्या क्षणी ठरले, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. एखाद्या मुलाला अत्तर आवडावे तसा या मुलाला तेलाचा वास आवडला, आणि तो अखेरपर्यंत आवडत राहिला.

मूल सांभाळणारा उमेदवार

प्राथमिक शिक्षण संपवून १९२२ मध्ये सोइचिरो टोकियोला गेला. तेथे आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्याला उमेदवारी मिळाली. दुकानाचे मालक युझो साकाकिबारा हे कुशल कारागीर होते. परंतु पहिले काही महिने या नव्या मुलाच्या हाती पाना आलाच नाही. मालकाचे तान्हे मूल पाठीवर बांधून झाडलोट करणे, हेच त्याचे काम होते. घरी परतावे असे त्याला अनेकदा वाटले. पण वडिलांना काय तोंड दाखवायचे, या विचाराने तो थांबला. अखेर एका बर्फाळ दिवशी गर्दी वाढली आणि मालकाने त्याला गाडीखाली शिरायला सांगितले. त्या दिवसापासून तो खऱ्या अर्थाने मिस्त्री झाला.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या प्रचंड भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाले. दुकानातील बरेच कामगार आपापल्या गावी परतले. मागे राहिलेल्या थोड्या माणसांत हा तरुण होता. जळालेल्या, मोडलेल्या गाड्या पुन्हा चालू करण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. याच काळात त्याचा हात तयार झाला. १९२८ मध्ये साकाकिबारा यांनी आपल्या दुकानाची शाखा हामामात्सु येथे काढण्याची परवानगी त्याला दिली. तेव्हा सोइचिरो अवघे एकवीस वर्षांचे होते.

दुकान चांगले चालले. दुसऱ्यांना न सुटणारे बिघाड होंडा सोडवतात, अशी ख्याती झाली. शर्यतीच्या गाड्यांचेही त्यांना वेड होते. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामा नदीकाठच्या मैदानावर शर्यतीत त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. ते व त्यांचे धाकटे बंधू दोघेही जखमी झाले. पैसा आणि नाव दोन्ही असूनही दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचे समाधान होईना. स्वतः काहीतरी घडवावे, या ध्यासाने त्यांनी पिस्टन रिंगचे काम हाती घेतले.

पन्नासपैकी तीन

पिस्टन रिंग ही दिसायला बांगडीएवढी साधी वस्तू. पण इंजिनाचा जीव तिच्यात असतो. सिलिंडरमध्ये वरखाली धावणाऱ्या पिस्टनभोवती अशा रिंगा बसवलेल्या असतात. वरच्या रिंगा स्फोटाचा दाब खाली निसटू देत नाहीत आणि खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून परत खाली पाठवते. रिंग झिजली किंवा तिच्या खाचेत काजळी बसून ती अडकली, की तेल वर चढून जळू लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. आपल्याकडे गाडी ऑइल खाते असे म्हणतात, ते याच अवस्थेला.

लोहाराच्या मुलाला ओतकामाची ही वस्तू सहज जमेल, असा होंडा यांचा समज होता. प्रत्यक्षात रिंगा ठिसूळ निघू लागल्या. रात्रंदिवस खपूनही यश येईना. साठवलेला पैसा संपत चालला. शेवटी ते हामामात्सुच्या तंत्रशाळेतील प्राध्यापकांकडे गेले. तुमच्या ओतीव लोखंडात सिलिकॉनचे प्रमाण कमी आहे, असे निदान त्यांना मिळाले. सिलिकॉन म्हणजे काय, हेच होंडा यांना माहीत नव्हते.

येथे त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा दिसतो. वयाच्या तिशीत, एका भरभराटीच्या दुकानाचा मालक असलेला हा माणूस त्याच तंत्रशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. आपल्या कामाचे विषय तेवढे त्यांनी मन लावून ऐकले. इतर विषयांकडे व परीक्षांकडे पाठ फिरवली. पदविका काही मिळाली नाही. सिनेमाच्या तिकिटाने निदान चित्रपटगृहात तरी शिरता येते, पदविकेने तेवढेही होत नाही, अशा आशयाचा त्यांचा टोमणा पुढे प्रसिद्ध झाला.

तरीही परीक्षा चुकली नाहीच. टोयोटा कंपनीकडे तपासणीसाठी दिलेल्या पन्नास रिंगांपैकी केवळ तीन पसंत पडल्या. सत्तेचाळीस नापास! होंडा यांनी पुन्हा कारखाने पालथे घातले, पोलाद कसे बनते ते पाहिले, आणि काही काळाने त्यांची तोकाई सेइकी ही कंपनी टोयोटाला रिंगा पुरवू लागली. नमुना तपासल्याशिवाय मालाची खात्री धरू नये, हा धडा त्यांनी जन्मभर जपला.

गरम पाण्याच्या पिशवीची टाकी

दुसऱ्या महायुद्धाने हे सारे पुसून टाकले. बॉम्बवर्षावात कारखान्याचे नुकसान झाले आणि जानेवारी १९४५ मधील भूकंपाने उरलेला भाग जमीनदोस्त केला. युद्ध संपल्यावर होंडा यांनी कंपनीतील आपला हिस्सा टोयोटाला साडेचार लाख येनला विकला. त्यानंतर सुमारे वर्षभर त्यांनी काहीच केले नाही. मद्यार्काचे पिंप विकत घेऊन घरी दारू बनवायची, मित्रांना जमवायचे आणि नव्या काळाकडे पाहत बसायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. पत्नी साची यांनी तो काळ कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पराभूत जपानमध्ये रेल्वे खच्चून भरलेल्या असत, पेट्रोल मिळत नसे आणि लोक मैलोन् मैल सायकल दामटून धान्य आणत. अशातच लष्कराच्या बिनतारी संदेश यंत्रांना वीज पुरवणारी काही छोटी इंजिने होंडा यांच्या हाती लागली. ऑक्टोबर १९४६ मध्ये हामामात्सु येथे एका साध्या खोपटात त्यांनी ही इंजिने सायकलींना बसवण्यास सुरुवात केली. पेट्रोलच्या टाकीचा पहिला प्रयोग घरातील गरम पाण्याच्या पिशवीवर झाला. रस्त्यावर ती सायकल चालवून पाहण्याचे काम साची यांनी केले. पेट्रोल टंचाईवर तोड म्हणून त्यात पाइनच्या मुळांपासून काढलेले तेल मिसळले जाई. धूर आणि उग्र वास यांनी रस्ता भरून जाई, पण सायकल धावे.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली. भांडवल दहा लाख येन आणि कामगार अवघे चौतीस. पुढच्याच वर्षी ड्रीम नावाची मोटारसायकल आली आणि त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत दाखल झाले. होंडा यंत्राचे, तर फुजिसावा पैशाचे आणि विक्रीचे. ही जोडी पुढे जवळपास पाव शतक टिकली. होंडा यांनी कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावा यांच्या स्वाधीन करून टाकला होता.

तेल इंजिनात मुक्कामाला आले

होंडा यांची सुरुवातीची इंजिने टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते आत जाते, भाग ओले करते आणि पेट्रोलसोबत जळून धुराच्या रूपाने बाहेर पडते. इंजिनाला दर वेळी ताजे तेल मिळते. म्हणून इंजिनाचे ऑइल बदलणे हा प्रकारच तेथे नसतो. परभणीकरांना जुन्या स्कूटरच्या दिवसांत पेट्रोल पंपावर हिरवट-निळे टू-टी ऑइल मापून ओतले जाई, ते आठवत असेल.

होंडा यांना तो धूर आणि फटफटाट आवडत नसे. १९५१ मध्ये १४६ सीसीची फोर-स्ट्रोक ड्रीम तयार झाली. तिची चाचणी हाकोने या घाटात घेण्यात आली. तरुण अभियंता कियोशी कावाशिमा गाडीवर आणि पाठीमागे मोटारीत होंडा व फुजिसावा. वादळी पाऊस कोसळत होता. जपानी गाड्या ज्या घाटात दम टाकत, तो घाट या गाडीने न थांबता पार केला आणि पाठीमागची मोटारही मागे टाकली. हाच कावाशिमा पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला.

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल जळत नाही, तळाशी साठून राहते. तेच तेल पुन:पुन्हा फिरते. मोटारसायकलमध्ये तर इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरते. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचा कीस आपल्यात सामावून घेते, गंज रोखते. हे सारे करताना ते स्वतः झिजत जाते. त्यातील रासायनिक मिश्रणे संपत जातात, गिअरच्या दातांखाली त्याचा दाटपणा मोडतो, थंड इंजिनातून आलेले पेट्रोल व पाण्याची वाफ त्यात मिसळते. म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये जी काळजी पंपावर आपोआप घेतली जाई, ती फोर-स्ट्रोकमध्ये मालकाच्या आठवणीवर आली. होंडा यांनी गाडी स्वच्छ केली, काटकसरी केली, टिकाऊ केली. पण त्याच्या बदल्यात मालकावर एक छोटे कर्तव्य सोपवले. ठरलेल्या वेळी जुने तेल काढून नवे घालणे, एवढेच ते कर्तव्य.

ऑगस्ट १९५८ मध्ये सुपर कब ही गाडी बाजारात आली. एका हाताने जेवणाची ताटे सांभाळणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्यालाही दुसऱ्या हाताने चालवता यावी, म्हणून तिला हाताचा क्लच दिलेला नव्हता. पन्नास सीसीचे ते छोटेसे फोर-स्ट्रोक इंजिन जगभर पोहोचले. ऑक्टोबर २०१७ मध्ये या मालिकेतील गाड्यांची एकूण संख्या दहा कोटींवर गेली. एकीकडे ही सामान्यांची गाडी, तर दुसरीकडे शर्यतीचे मैदान. १९५४ मध्ये होंडा यांनी ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरील जगप्रसिद्ध शर्यतीत उतरण्याची घोषणा केली. १९५९ मध्ये त्यांचा संघ तेथे पहिल्यांदा धावला आणि १९६१ मध्ये १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडा गाड्यांनी पटकावले.

हट्ट आणि माघार

होंडा यांना संत म्हणून रंगवणे योग्य ठरणार नाही. ते कमालीचे तापट होते. काम बिघडले की हातात असेल ते हत्यार फेकून मारायला ते कमी करीत नसत. कामगार त्यांना गडगडाटी म्हातारा म्हणून ओळखत. कारखान्यात मात्र सर्वांना, अगदी अध्यक्षांनाही, सारखाच पांढरा गणवेश असे. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो. तेल जेथे असायला हवे तेथेच असावे, अंगावर आणि जमिनीवर नसावे, हा त्यामागचा विचार होता.

इंजिन हवेने थंड करावे की पाण्याने, या प्रश्नावर त्यांचा हट्ट महागात पडला. पाण्यालाही शेवटी हवाच थंड करते, मग थेट हवाच का नको, असे त्यांचे म्हणणे होते. ७ जुलै १९६८ रोजी फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत होंडाच्या हवेने थंड होणाऱ्या नव्या गाडीला अपघात होऊन चालक जो श्लेसर याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी आलेली एच १३०० ही हवेने थंड होणारी मोटारही अपेक्षेप्रमाणे चालली नाही. तरुण अभियंत्यांनी पाण्याचा आग्रह धरला. तुम्ही अध्यक्ष राहणार की अभियंता, असे फुजिसावा यांनी त्यांना स्पष्ट विचारले. होंडा यांनी माघार घेतली. त्या माघारीतून सिव्हिक ही मोटार आणि अमेरिकेच्या कडक धूर नियमांना उतरणारे सीव्हीसीसी इंजिन जन्माला आले. आपला काळ संपत आला आहे, हे त्यांनी ओळखले. ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा यांनी एकत्रच निवृत्ती स्वीकारली. कंपनीची सूत्रे मुलांच्या हाती देण्याचा मोह त्यांनी टाळला.

होंडा परभणीत कशी आली

१९८० च्या दशकात होंडा कंपनी दोन वाटांनी भारतात आली. पुण्याच्या फिरोदिया परिवाराच्या कायनेटिकसोबत स्कूटर, तर मुंजाल परिवाराच्या हीरोसोबत मोटारसायकल. हीरो होंडा कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि हरियाणातील धारुहेडा येथून १९८५ मध्ये सीडी १०० ही शंभर सीसीच्या आतली फोर-स्ट्रोक गाडी बाहेर पडली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. राजदूत आणि येझदीच्या धुराला सरावलेल्या रस्त्यांवर ही गाडी जवळपास आवाज न करता धावू लागली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात घराघरांत पोहोचली. २०१० च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांनी विभक्त होण्याचे जाहीर केले, तरी त्या घराण्याच्या इंजिनाचा वारसा आजही रस्त्यावर आहे.

एमएच २२ क्रमांकाची अशी गाडी परभणी जिल्ह्यात केवळ प्रवासासाठी नसते. तिच्यावर दुधाच्या कॅन असतात, खताची पोती असतात, मागे बसलेली कॉलेजची मुलगी असते, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा रुग्ण असतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा, काळ्या मातीचे शेतरस्ते आणि उसाच्या ट्रॅक्टरमागचा धुरळा, हे सारे ते इंजिन सोसते. जाहिरातीत विसरायचे होते ते पेट्रोल. अनेकांनी मात्र ऑइलच विसरून टाकले.

कधी बदलावे आणि कसे ओळखावे

याचे पहिले उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. नव्या गाडीचे पहिले ऑइल काही शे किलोमीटरनंतरच बदलायचे असते, कारण नवे भाग एकमेकांशी जुळताना धातूचा कीस सोडतात. त्यापुढचे अंतर मॉडेलनुसार बदलते. साध्या प्रवासी गाड्यांत ते साधारण तीन ते सहा हजार किलोमीटरच्या दरम्यान असते. काही नव्या गाड्यांत त्याहून अधिक. मात्र धुळीत, ओझ्यासह किंवा रोज अगदी थोड्या अंतरासाठी चालणाऱ्या गाडीची देखभाल लवकर करावी, अशी सूचना पुस्तिकांत बहुधा असते. शेतरस्त्यावरची गाडी या वर्गात मोडते. गाडी फारशी फिरली नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदललेले बरे.

फिल्टरबाबत मोठा गैरसमज आढळतो. सीडी १०० आणि स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. तळाशी तारेची जाळी असते आणि क्लचच्या झाकणाआड क्रँकशाफ्टच्या टोकाला एक फिरती वाटी असते. ती वेगाने फिरताना जड कण बाहेरच्या कडेला फेकले जाऊन तेथे चिखलासारखे चिकटतात. केवळ नट उघडून ऑइल सोडल्याने हा गाळ निघत नाही. ठरावीक काळाने झाकण उघडून जाळी आणि वाटी दोन्ही स्वच्छ करावी लागतात. ज्या गाड्यांना कागदी फिल्टर आहे, त्यांचा फिल्टर पुस्तिकेप्रमाणे बदलणे हाच उपाय. हवेचा फिल्टर फाटका असेल, तर कितीही महाग ऑइल इंजिनाला वाचवू शकत नाही.

ऑइल निवडताना बाटलीवर जासो एमए ही खूण पाहावी. हे दुचाकींसाठीचे जपानी मानक आहे. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. मोटारीसाठी बनवलेल्या काही ऑइलमध्ये घर्षण अधिक कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच सटकू शकतो.

ऑइलची खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. परभणी जंक्शनवरून वर्षानुवर्षे धावलेल्या डिझेल इंजिनांचे तेल रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये नियमित तपासले जाते. तेलाचा दाटपणा, त्यातील पाणी व इंधन आणि धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजले जाते. लोह वाढले तर सिलिंडर किंवा गिअर झिजत असल्याचा, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन झिजत असल्याचा संशय येतो. सिलिकॉन वाढले तर बाहेरची धूळ आत शिरते आहे, असा इशारा मिळतो. इंजिन न उघडता त्याचे दुखणे कळते. ज्या सिलिकॉनच्या अभावी होंडा यांच्या रिंगा नापास झाल्या, तेच धुळीच्या रूपाने इंजिनात शिरले की रिंगा खाऊन टाकते. काळ्या मातीच्या कणाकणात त्याची संयुगे भरलेली असतात.

लिटरभरही नसलेल्या ऑइलसाठी असा खर्च कुणाला परवडणार? पण साधी तपासणी घरी होऊ शकते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन थोडे चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि पट्टी पुसून आत घालावी. होंडाच्या घराण्यातील इंजिनात पट्टीचे झाकण आटे न फिरवता नुसते टेकवून पातळी पाहतात. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. पातळी वारंवार घटत असेल, तर गळती किंवा झिजलेल्या रिंगा शोधाव्यात. ऑइलचा एक थेंब टीपकागदावर ठेवून काही तासांनी पाहावा. डाग सारखा पसरला तर काजळी अजून तेलात नीट विरलेली आहे. मध्ये दाट काळा ठिपका आणि भोवती फिकट कडे राहिले, तर तेलाची घाण पेलण्याची शक्ती संपत आली आहे. दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरले आहे. केवळ काळा रंग हा मात्र दोष नव्हे. काजळी धरून ठेवणारे चांगले ऑइलही काळे होतेच. म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवणे अधिक भरवशाचे. काढलेले ऑइल नालीत किंवा बांधावर न ओतता, जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांकडे जाईल, असे पाहावे.

ऑइलची बाटली आणि इंजिनाचे पूर्ण काम यांच्या खर्चात किती अंतर आहे, हे ज्याने एकदा बोअर केले त्याला विचारावे. सुगीच्या तोंडावर गाडी आठवडाभर गॅरेजला पडून राहिली, तर बुडालेले दिवस वेगळेच.

तेलकट हात

निवृत्तीनंतर होंडा यांनी एक आगळा प्रवास केला. जपानभरच्या सुमारे सातशे कारखान्यांना, विक्री केंद्रांना आणि दुरुस्ती केंद्रांना भेट देऊन तेथील प्रत्येकाचा हात हाती घेऊन आभार मानायचे, असे त्यांनी ठरवले. दुर्गम भागात दोन-तीन माणसांचेच केंद्र असले तरी ते तेथे जात. अशाच एका भेटीत एक कामगार हात पुढे करता करता थबकला. त्याचे हात तेलाने माखले होते. तो धुवायला वळला, तेव्हा होंडा यांनी त्याला थांबवले, तो तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मग आपल्या हातांना लागलेल्या तेलाचा वास घेतला. उभयतांचे डोळे पाणावले, असे सांगितले जाते. कोम्यो गावच्या रस्त्यावर वाकलेला मुलगा साठ वर्षांनंतरही तसाच होता.

५ ऑगस्ट १९९१ रोजी टोकियो येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर वाहतूक तुंबली, तर वाहने बनवणाऱ्या माणसाला ते शोभणार नाही, अशी त्यांची भावना होती. त्यामुळे कंपनीने मोठा अंत्यविधी केला नाही.

होंडा यांचा पुतळा परभणीत नाही, आणि तो हवा असे त्यांनाही वाटले नसते. वसमत रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मिस्त्री डबा सरकवतो, जाळी रॉकेलने धुतो, नटाला नवे वायसर लावतो आणि मधाच्या रंगाचे तेल ओततो. मालकाने त्या वेळी मीटरवरचा आकडा टाकीवरच्या चिकटपट्टीवर लिहून घेतला आणि मिस्त्रीच्या तेलकट हाताला पैशांसोबत थोडा मानही दिला, तर त्या जपानी मिस्त्रीचे स्मरण त्यातच झाले.